सहा शतांश

परदेशी कंपनीचा पाहुणा पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आला तेव्हा त्याने चहाला नको म्हटलं, खुर्चीला नको म्हटलं, आणि सरळ लेथपाशी जाऊन बॅगेतून स्वतःचा मायक्रोमीटर काढला. मी ड्रॉइंगच्या खोलीच्या काचेतून बघत होतो. मापं घ्यायला आलेल्या माणसाने आपलं साधन बरोबर आणावं, यात वावगं काही नाही. तरी मला ते खटकलं. मला पुष्कळ गोष्टी खटकतात आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पुढे निर्दोष निघतात, म्हणून मी कुणाला काही बोललो नाही.

आमच्याकडे तेलाचे पंप होतात. दोन्ही तळहातांवर मावेल अशी बिडाची बॉडी, तिच्या पोटात एकमेकांत दात अडकवून फिरणारे दोन गिअर. ते फिरले की तेल पुढे ढकललं जातं आणि त्या जोरावर मोठमोठी यंत्रं ओझी उचलतात. हा कारखाना माझ्या थोरल्या भावाने, दादाने, काढला. मी त्याचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, धंदा जमला नाही. अक्षर चांगलं होतं आणि रेघ सरळ यायची, म्हणून तीस वर्षं पंपांची ड्रॉइंग काढली. हातात कायम एखादं पुस्तक असायचं, त्यामुळे कामगार मला मास्तर म्हणतात. जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही.

दादा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कारखाना त्याची मुलगी, माझी पुतणी चालवते. तिचं शिक्षण व्यापाराचं. मशीनच्या बाबतीत ती मिस्त्रींवर विसंबायची, कागदाच्या बाबतीत माझ्यावर. गेल्या वर्षी आमच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी बाहेरून पंप मागवायला सुरुवात केली आणि आठवड्यातले तीन दिवस निम्मी मशीन कापडाखाली झाकलेली राहू लागली. एकेचाळीस माणसं कामाला. पुतणीने मला एकदाच सांगितलं होतं, "काका, हे वर्ष असंच गेलं तर पुढच्या वर्षी जागा विकावी लागेल." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण जागेची मोजणी करणारे दोघे येऊन गेले होते.

अशात ही कंपनी आली. तिला आपल्या देशाबाहेर ओझी उचलणारी यंत्रं जोडायचा कारखाना टाकायचा होता आणि त्यासाठी आमचा प्रांत तिच्या नजरेत भरला होता. पाहुण्याबरोबर एक दुभाषा होता. पोटावर फाईल धरून तो पुतणीला समजावत होता.

"मॅडम, इथं सगळं जमून आलंय. मजुरी परवडते, जमीन परवडते, पाच वर्षं करात सूट आहे, बंदर दूर नाही. आणि मुख्य म्हणजे हात तयार आहेत. तिकडे असा लेथवाला शोधून सापडत नाही. आता साहेबांना फक्त पंप देणारा भरवशाचा माणूस पाहिजे."

"आम्ही तीस वर्षं देतोय," पुतणी म्हणाली.

दुभाष्याने ते पाहुण्याला सांगितलं. पाहुणा एक मिनिटभर बोलला, मध्ये दोनदा बोटाने छताकडे दाखवलं. दुभाषा पुतणीकडे वळून म्हणाला, "छान आहे म्हणतात."

ते गेल्यावर मिस्त्री माझ्या खोलीत आले. दादाने त्यांना पहिल्या लेथबरोबरच आणलं होतं, म्हणजे ते या कारखान्याएवढेच जुने. हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकून ते दारातच उभे राहिले.

"मास्तर, दुभाषा अर्धं खातो."

"त्यांची भाषाच लांब असेल."

"मग चहा नको म्हणताना एका शब्दात कसं भागलं?"

मला हसू आलं. "छताकडे काय दाखवत होता?"

"पाखरं बघत असेल. नाहीतर पत्रे मोजत असेल, किती जुने ते." मिस्त्री जवळ आले. "मला विचारलं त्याने. तिसऱ्या लेथवर पगार किती, ग्राइंडरचा दगड कुठून घेता, पंपाच्या बॉडीचं बोअर कोण करतं. बोअर कोण करतं हे कशाला पाहिजे त्याला? पंप घ्यायचाय की माणूस?"

मी म्हणालो, "विचारत असेल सहज." पण मी ते वहीत टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुतणी माझ्याकडे आली. कंपनीला सगळ्यात लहान पंपाची ड्रॉइंग हवी होती, सहा कागद.

"आजच?" मी विचारलं.

"आजच. त्यांचा माणूस खाली थांबलाय."

आता मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मी आयुष्यात इतका उशीर केला आहे की इथेही ती थोडी उशिराच येते आहे.

कारखाना नवा असताना एका गिऱ्हाइकाने फाईलला लावायला म्हणून आमची ड्रॉइंग मागून नेली होती. पाच महिन्यांनी बाजारात आमचा पंप दुसऱ्याच नावाने आला. अगदी हुबेहूब. कव्हरच्या एका कोपऱ्याची गोलाई मी घाईत चुकीची काढली होती, तीसुद्धा तशीच उतरली होती. तिसऱ्या दिवशी दादा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "आजपासून प्रत्येक पंपाच्या ड्रॉइंगमध्ये एक आकडा खोटा घालायचा. खरा आकडा कागदावर कुठेच नाही. तो मिस्त्री तोंडी सांगेल, ज्याला सांगायचा त्याला."

तेव्हापासून ती आमची पद्धत झाली. लहान पंपात खोटा आकडा बॉडीच्या बोअरचा, म्हणजे गिअर जिथे बसतात त्या भोकाचा. ड्रॉइंगवर तो खऱ्यापेक्षा सहा शतांश मिलिमीटर कमी लिहिलेला आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारण तेवढीच. ड्रॉइंगप्रमाणे पंप केला तर थंड असताना तो उत्तम चालतो. तासाभराने तेल तापलं की गिअर आधी फुगतात, बॉडी मागून. तेवढी जागा पोटात नसते आणि पंप जाम होतो. मिस्त्री नव्या माणसाला बोअर शिकवताना एवढंच म्हणायचे, "कागद बघायचा आणि सहा जास्त काढायचे." पहिला खोटा आकडा मी तीनदा खोडून लिहिला होता. पुढे एकदाच लिहून भागू लागलं.

पुतणीला यातलं काही माहीत नव्हतं. दादाने आजारपणात मला सांगितलं होतं, "तिला आत्ता नको. उद्या तिचं लग्न होईल, जावई कुठला, त्याचा धंदा काय, आपल्याला काय ठाऊक? वेळ आली की तू सांग." तिने लग्न केलं नाही. दादा गेला. वेळ आली की नाही ते मला कधी कळलं नाही. आज सांगू, या महिन्यात सांगू, असं करत मी तीन वर्षं एका शब्दाने बोललो नव्हतो.

त्या दिवशी ती समोर उभी होती. मी कपाट उघडलं, सहा कागद काढले, बोअरच्या आकड्यावर नजर टाकली आणि ते जसेच्या तसे तिच्या हातात दिले. नेणारा चोर असेल तर फसेल, आणि साव असेल तर पंप आपल्याकडूनच घेईल, ड्रॉइंगची त्याला गरजच नाही, असा मी विचार केला. मला तो तेव्हा फार पक्का वाटला होता.

चार दिवसांनी मी पुस्तक बदलायला वाचनालयात निघालो होतो. आमच्या मागच्या गल्लीत आणखी दोन पंपवाले आहेत. त्यातल्या एकाच्या ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मला दुभाषा दिसला. काखेत निळी फाईल होती, आमची ड्रॉइंग ज्यात घालून नेली तीच. तिच्या पाठीवर माझ्याच हाताने पंपाचा नंबर लिहिलेला होता. त्याने मला पाहिलं, मान लववली आणि फाईल दुसऱ्या काखेत घेतली.

मी वाचनालयात न जाता परतलो.

"म्हटलं नव्हतं?" मिस्त्री म्हणाले.

"नंबर होता पाठीवर. माझं अक्षर आहे."

"मग झालं की. त्या गल्लीतला करू दे पंप. तासाभराने धूर निघाला की दुभाष्याला म्हणावं, याचं भाषांतर कर."

आम्ही दोघं हसलो. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. संशय खरा ठरला की माणसाला जे समाधान होतं, ते फार चांगलं नसावं.

महिनाभराने पाहुणा पुन्हा आला. या वेळी आमच्याकडून नेलेले तीन नमुन्याचे पंप आणि ड्रॉइंगच्या प्रती त्याच्याजवळ होत्या. त्याने पंप टेबलावर सोडवून मांडले, प्रत्येक बोअर गेजने तीन ठिकाणी मोजलं आणि कागदावर लाल पेन्सिलने गोल काढला. तिन्ही वेळा तिथेच. दुभाष्याने या खेपेला लांब भाषांतर केलं.

"मॅडम, साहेब म्हणतात, पंप दिसायला चांगला आहे. पण तुमचा पंप तुमच्याच ड्रॉइंगप्रमाणे नाही. सहा शतांश मोठा आहे. एक शतांशाची मुभा आहे, सहाची नाही. एक पंप चुकला तर चूक म्हणता येईल. तिन्ही सारखेच चुकलेत. मग इथं कागद बघून काम होतं की नाही, असा साहेबांचा प्रश्न आहे."

पुतणीचा चेहरा उतरला. तिने मिस्त्रींना बोलावलं. मीही गेलो आणि दाराशी उभा राहिलो.

"मिस्त्री, बोअर कुणी केलं?"

"मी."

"ड्रॉइंग बघून?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग फडक्याने हात पुसत ते म्हणाले, "वय झालं, ताई. हात चुकला."

त्या हाताला मी तीस वर्षं ओळखतो. तो चुकला, हे वाक्य त्या खोलीत कुणीतरी खोडून काढायला हवं होतं आणि तो कुणीतरी मीच होतो. मी दाराच्या चौकटीचा रंग बघत राहिलो.

पुतणी पाहुण्याकडे वळली. "दहा नवे पंप देते. आठ दिवसांत. तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे." मग मिस्त्रींना म्हणाली, "बोअर तुम्ही करू नका. तिसऱ्या लेथवाल्याला द्या. आणि त्याला सांगा, कागदावर आहे ते आणि तेवढंच."

"सांगतो," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी कारखाना सुटल्यावर मी त्यांना गाठलं. ते पंप चालवून बघायच्या टेस्टिंगच्या ओट्यापाशी बसून बूट बदलत होते.

"मिस्त्री, तुम्ही सांगितलं का नाहीत तिला?"

"दादांना शब्द दिलाय. कारखान्याबाहेर नाही आणि घरातही नाही."

"पण दहा पंप ड्रॉइंगप्रमाणे झाले तर जाम होतील."

"होतील."

"मग?"

"मग काय? ताई मालक आहेत. त्या म्हणाल्या कागदाप्रमाणे, कागदाप्रमाणे होणार." त्यांनी नाडी घट्ट ओढली. "तुम्ही घरचे आहात, मास्तर. तुमच्या घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडायची आणि तुम्ही आत बसून पुस्तक वाचायचं, असं किती दिवस?"

ते गेल्यावर मी ओट्यावरचा तेलाचा डाग उगाच पुसत बसलो.

दहा पंप सातव्या दिवशी तयार झाले. पाहुण्याने मोजले. एकाही कागदावर लाल गोल आला नाही. ओट्यावर प्रत्येक पंप दहा-दहा मिनिटं थंड तेलावर चालवून पाहिला; त्यांच्या तपासणीच्या यादीत तेवढंच होतं. एक थेंब गळला नाही. पाहुणा पहिल्यांदाच हसला, पुतणीशी हात मिळवला, आणि दहाही पंपांना आपल्या सहीच्या चिठ्ठ्या लावल्या. शुक्रवारी पंप त्यांच्या यंत्रांवर बसणार होते, सोमवारी दोन वर्षांचा करार होणार होता. बरोबर असलेले पंप नापास झाले होते, चुकीचे पास झाले होते, आणि हे माहीत असलेली माणसं तिथे दोनच होती. त्यातला एक माझ्याकडे बघत होता.

यंत्र ओझं वर धरून असताना पंप जाम झाला तर काय होईल, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट मनात आणून पाहिलं. खाली कुणी उभा असेल. तो पाहुण्याचा माणूस असेल किंवा आमच्या गल्लीतलाच, नव्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून खूश झालेला.

गुरुवारी सकाळी मी पुतणीच्या ऑफिसात गेलो. ती कराराचा मसुदा वाचत होती. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, म्हणून मी दुभाष्यापासून सुरुवात केली.

"मी त्याला मागच्या गल्लीत पाहिलं. आपली फाईल होती त्याच्याजवळ. आपली ड्रॉइंग त्यांनी दुसऱ्यांना दाखवलीत."

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे. तीन ठिकाणी दर मागितलेत. त्यांनी मला आधीच लिहून दिलंय. तुमच्या टेबलावर प्रत ठेवली होती, काका. वाचली नाहीत?"

मी वाचली नव्हती. घरी आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. ही प्रत परदेशी कंपनीची म्हणून मी न उघडता बाजूला सारली होती.

"तुम्हाला ती माणसं आवडत नाहीत, एवढंच आहे," ती म्हणाली. "मलाही फारशी नाही आवडत. पण आवडणारी माणसं पंप घेत नाहीयेत."

"ते दहा पंप पाठवू नकोस."

"का?"

मी उभाच होतो. खुर्चीत बसून हे सांगता येणार नाही असं मला वाटलं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. गिऱ्हाइकाने नेलेली ड्रॉइंग, दादाचं टेबलाशी येणं, खोटा आकडा, सहा शतांश, तापलेलं तेल. मिस्त्रींचा हात चुकला नव्हता, हेही. माझं झाल्यावर तिने पेन्सिल सरळ रेषेत टेबलाच्या कडेला लावून ठेवली.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. मिस्त्रींना."

"आणि?"

"बोअरवर काम केलंय त्यांना."

"म्हणजे तिसऱ्या लेथवाल्याला. त्याच्या आधीच्याला. नोकरी सोडून मागच्या गल्लीत गेला, त्यालाही." ती बोटं मोजत नव्हती, पण मला ती मोजताना दिसत होती. "मला नाही."

"दादा म्हणाला होता, वेळ आली की सांग."

"आणि बाबा गेल्यावर? तीन वर्षं?"

"मला वाटलं..."

"जावई येईल असं वाटलं?"

ती हसली नाही. मला वाटलं होतं की ती ओरडेल. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "काका, पाहुणा चोर आहे का, हे तुम्ही महिनाभर काचेतून बघत होतात. मी तर खोलीतच होते, मला सांगितलं असतंत तर."

मी मान खाली घातली. ती फोनकडे वळली.

पाहुणा आणि दुभाषा दुपारी आले. पुतणीने त्यांना खुर्च्या ओट्यापाशी मांडून दिल्या. सही असलेला एक पंप ओट्यावर चढवला, टाकीतला हीटर सुरू केला आणि घड्याळ पाहून मोटार चालू केली. पाहुण्याने काहीतरी विचारलं.

"कशासाठी, म्हणतात," दुभाषा म्हणाला.

"बसा म्हणावं. तासभर लागेल."

तासभर लागला नाही. बावन्नाव्या मिनिटाला पंपाचा आवाज जाड झाला, मग किरकिरला, मग मोटारीचा पट्टा सरकून जळका वास सुटला आणि मिस्त्रींनी बटण बंद केलं. मग पुतणीने नापास झालेल्या तीन पंपांपैकी एक चढवायला लावला. तो दोन तास चालला. पाहुणा उठला नाही. मधूनमधून तो बॉडीला हाताचा मागचा भाग लावून बघायचा आणि मनगटावरचं घड्याळ बघायचा.

पंप थांबवल्यावर पुतणीने त्याला सगळं सांगितलं, कुणाचं नाव न घेता. "ड्रॉइंगमध्ये आमच्याकडून मुद्दाम चुकीचा आकडा दिला गेला. पंप बरोबर होते, कागद चूक होता."

या वेळी दुभाष्याने एकही शब्द खाल्ला नसावा, कारण त्याला घाम आला होता. पाहुण्याने पुन्हा एकदा बॉडीला हात लावून पाहिलं. मग बोलला, अगदी थोडं.

"ते विचारतायत," दुभाषा खाली बघत म्हणाला, "की आता तुमच्या कुठल्याही कागदावर त्यांनी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?"

"तुम्ही माझी ड्रॉइंग आणखी दोघांकडे दिलीत," पुतणी म्हणाली. "ते पंप करतील. मोजून तुमच्या यादीत पासही होतील. मी आज बोलले नसते तर ते तुमच्या यंत्रावर बसले असते. एवढाच जोर माझ्याकडे आहे. दुसरा नाही."

पाहुण्याने खिशातली वही काढली आणि चार ओळी लिहून तिच्यासमोर धरली. दुभाष्याने वाचून दाखवली. सोमवारी करार होणार नाही. कंपनीला लागणाऱ्या सगळ्या एकतीस पंपांच्या ड्रॉइंगची दुरुस्त प्रत आठ दिवसांत पाहिजे. जो आकडा बदलला असेल तो त्याच्यासमोर गरम तेलावर चालवून दाखवायचा. त्यानंतर बघू.

"दुरुस्त केलेली ड्रॉइंगही दोघांकडे देणार का?" मी विचारलं. एवढ्या लोकांत माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

दुभाष्याने भाषांतर केलं. पाहुण्याने माझ्याकडे प्रथमच पाहिलं आणि वही खिशात घातली.

"दोन वर्षं पंप माझ्याकडूनच घ्यायचे, हे करारात लिहून घेईन," पुतणी म्हणाली. "त्यापुढचं त्यापुढे."

दुसऱ्या दिवशी तिने मला ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं. एकतीस नंबरांची यादी दिली आणि म्हणाली, "प्रत्येकासमोर लिहा. खोटा आकडा कुठला, खरा किती." मी दिवसभर लिहीत होतो. मध्ये पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा तिच्या ऑफिसच्या काचेआड मिस्त्री दिसले. तेही एका यादीवर वाकून लिहीत होते, जिभेचं टोक दातात धरून. आमची नजरानजर झाली. दोघांनीही ती काढून घेतली.

संध्याकाळी तिने दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि पट्टी सरकवत खाली आली. तीस ओळी जुळल्या. चोविसाव्या नंबरावर पट्टी थांबली. त्या पंपात दाब वाढला की उघडणारी एक झडप आहे, तिच्या मागे स्प्रिंग असते. मी लिहिलं होतं: खोटा आकडा शाफ्टचा, स्प्रिंग ड्रॉइंगप्रमाणे. मिस्त्रींनी लिहिलं होतं: शाफ्ट ड्रॉइंगप्रमाणे, स्प्रिंग दोन मिलिमीटर आखूड.

"कोण बरोबर?"

"ड्रॉइंग मी काढलंय," मी म्हणालो.

"स्प्रिंग मी कापलीय," मिस्त्री म्हणाले.

"मास्तर विसरले असतील," ते थोड्या वेळाने म्हणाले, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरभोळ्या माणसाकडे पाहायची नव्हती. मलाही त्यांच्याबद्दल तीच शंका होती. जुनी निष्ठा म्हणून मिस्त्री हा एक आकडा अजून दाबून ठेवतायत का? आणि त्यांना वाटत असणार, घरचा माणूस म्हणून मी.

पुतणीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोन्ही करा," ती म्हणाली.

त्या पंपाचे दोन नमुने झाले, एक माझ्या यादीप्रमाणे, एक त्यांच्या. पाहुणा ठरल्या दिवशी आला. तीस पंपांची चाचणी सरळ पार पडली, पाच दिवस लागले. चोविसावा शेवटी ठेवला होता. माझा आधी चढवला. दाबाचा काटा वर गेला, झडप उघडायच्या खुणेपर्यंत आला, खूण ओलांडून पुढे गेला आणि जातच राहिला. पुतणीने हात वर केला आणि मिस्त्रींनी मोटार बंद केली. मग त्यांचा चढवला. काटा खुणेवर येऊन थांबला, झडप उघडली, काटा थरथरला, पुन्हा खुणेवर.

म्हणजे स्प्रिंगचा तो खोटा आकडा मीच केव्हातरी लिहिला होता आणि इतकी वर्षं त्याच्याकडे बघून बघून मला तो खरा वाटू लागला होता. मी आठवून पाहिलं. कुठल्या वर्षी, कुठल्या टेबलावर, दादा शेजारी होता की नव्हता, काही आठवेना.

पाहुण्याने दुभाष्याला विचारलं. दुभाष्याने पुतणीला. तिने सांगितलं, "ड्रॉइंग काढणाऱ्याची चूक. कापणाऱ्याचं बरोबर." पाहुण्याने आपल्या प्रतीवर तो आकडा बदलला, शेजारी सही केली. करार त्या आठवड्यात झाला, दोन वर्षांचा, ठरलेल्यापेक्षा थोड्या कमी दराने, आणि कंपनीचा एक तपासनीस कायम आमच्या ओट्यापाशी बसणार या अटीवर. झाकलेल्या मशीनवरची कापडं निघाली.

करार झाल्यावर पुतणी माझ्या खोलीत आली. चोविसाव्या नंबरचं मूळ ड्रॉइंग अजून तसंच होतं.

"हे तुम्हीच दुरुस्त करा," ती म्हणाली.

मी ब्लेडने जुना आकडा हळूहळू खरवडला, बोटाने भुसा झटकला, पेनात शाई भरली. ती गेली असेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या खांद्यामागे उभी होती. मी आकडा लिहिला. तिने खाली वाकून तो हातातल्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला.

"वाळू दे," मी म्हणालो.

"थांबते मी," ती म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत थांबली.